भाचा आयर्लंडमध्ये हर्लिंग खेळतो, यात पुढे काही आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा

कर्वेनगरचा_मामा

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या सदरात टाकावा कळेना म्हणून क्रीडामध्ये टाकतोय, चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझी धाकटी बहीण आणि मेव्हणे गेली अकरा वर्षं आयर्लंडमध्ये आहेत, क्लेअर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) एनिस म्हणून गाव आहे तिथे. भाचा आता सोळाचा. तो तिथल्या क्लबकडून हर्लिंग खेळतो. मी आपलं इतकी वर्षं हॉकीचा चुलतभाऊ असेल असं समजून सोडून दिलेलं, फोनवर "कसं चाललंय रे तुझं हॉकी" विचारायचो आणि तो बिचारा "मस्त मामा" म्हणायचा.

या डिसेंबरात सुट्टीला आला तर काठी सामानात. रोज सकाळी सातला पार्किंगच्या भिंतीवर ठो ठो ठो. बॉल चामड्याचा, आपल्या सीझन बॉलपेक्षा हलका पण कडक तेवढाच, त्याला वर उसवल्यासारखी जाड शिवण. भिंतीवरून परत आला की कधी काठीवर घेतो, कधी हवेत हाताने झेलतो, आणि काठीच्या चपट्या टोकावर बॉल ठेवून पळतो, लिंबू-चमचा खेळतात ना तसं, फक्त फुल स्पीडमध्ये. पहिल्या दिवशी सगळ्यांना कौतुक. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या अ‍ॅक्टिव्हाचा आरसा गेला. चौथ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर "मुलांना आवरा" आणि खाली सतरा अंगठे.

मग काठीच चिरली. तो इतका हिरमुसला की शेवटी मी त्याला घेऊन एका बॅट रिपेअरवाल्याकडे गेलो. त्या माणसाने काठी उलटीपालटी करून बघितली, वास घेतला, म्हणाला "उलथनं आहे की बॅट आहे हे?" मग खालच्या वाकड्या भागावर अंगठा फिरवत बसला आणि म्हणाला साहेब, हे वाकवलेलं नाही, ह्याचा ग्रेनच वळलाय. भाच्याचा चेहरा असा खुलला! म्हणे बरोबर, अ‍ॅश नावाच्या झाडाचा अगदी बुंधा, जिथे खोड मुळात वळतं ना, तेवढाच भाग काठीला वापरतात, म्हणून रेषा वळणाबरोबर जातात आणि काठी सहजासहजी तुटत नाही. दोघं अर्धा तास लाकडावर बोलत होते, एक मराठीत आणि दुसरा अर्ध्या आयरिश मराठीत, मी आपला स्टुलावर.

तर आता मुद्दा. त्याला काउंटीच्या मायनर टीमच्या ट्रायलला बोलावलंय. बहीण खूश, मेव्हणे टेन्शनमध्ये. आणि आमचे बाबा (वय ७८, रिटायर्ड बँकवाले) यांनी जेवताना विचारलं, पैसे किती मिळतात. तो म्हणाला काही नाही. बाबा म्हणाले सुरुवातीला नाही ना, नंतर? तो म्हणाला नाही आजोबा, शेवटपर्यंत नाही. बाबांनी घास खाली ठेवला.

इथे कोणी तिकडे राहिलेलं असेल तर सांगा, खरंच शेवटपर्यंत नाही का? मग पोरं आयुष्य कशावर काढतात, शिक्षणाचं काय होतं, डोक्याबिक्याला लागायची भीती किती, आणि (बहीण हे बोलत नाही पण तिच्या मनात आहे) आपल्यासारख्या दिसणाऱ्या पोराला ते वरच्या टीमला खरंच घेतात का?

सदाशिवपेठी

हॉकीच आहे हो. काठी, बॉल, गोल. धनराज पिल्ले खडकीतून जाऊन भारताचा कॅप्टन झाला, त्याला पण सुरुवातीला कोणी हेच विचारलं असणार. प्रो झाला की मिळतील पैसे, सगळीकडे मिळतात.

कॉर्क_रिटर्न

@सदाशिवपेठी अहो नाही. प्रो होतच नाही कोणी, तोच तर सगळा प्रकार आहे. आणि हॉकीत खांद्याच्या उंचीचा बॉल पळत पळत हाताने झेलून चार पावलं नेऊन बघा, अंपायर घरापर्यंत सोडायला येईल.

मामा, मी सहा वर्षं कॉर्कला होतो (फार्मा), आता औंधला. तिथे शेजारच्या घरातला मुलगा कॉर्कच्या अंडर-२० पर्यंत गेलेला, त्यामुळे आतून बघितलंय.

आधी थोडक्यात खेळ, म्हणजे बाबांना समजावता येईल. एका बाजूला १५ खेळाडू. मैदान फुटबॉलपेक्षा बरंच मोठं, लांबी १३० मीटरच्या पुढे. गोलपोस्ट इंग्रजी एच सारखा, आडव्या दांडीखालून मारला तर गोल म्हणजे ३ पॉइंट, वरून मारला तर १. म्हणून स्कोअर ३-२७ असा लिहितात, म्हणजे ३ गोल आणि २७ पॉइंट, एकूण ३६. पहिले दोन महिने मी प्रत्येक वेळी बोटांवर मोजायचो. काउंटीच्या सीनियर मॅचला ७० मिनिटं. बॉल जमिनीवरून थेट हाताने उचलायचा नाही, काठीने उचलायचा.

आता पैसे. सगळा कारभार गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचा, १८८४ साली थर्लस गावातल्या एका हॉटेलात स्थापन झालेली, आणि तेव्हापासून अ‍ॅमेच्युअर. पगार नाही, ऑक्शन नाही, ट्रान्सफर फी नाही. काउंटी खेळाडूंना गाडीखर्च आणि सरकारी ग्रँट मिळते थोडी, मोठ्या नावांना जाहिराती, पण घर चालेल असं काही नाही. डब्लिनचं क्रोक पार्क ८२ हजारांचं, फायनलला खच्चून भरतं, तिकिटं मिळत नाहीत, आणि मैदानावरचे तीसच्या तीस जण सोमवार-मंगळवारी नाहीतर आठवडाभराने तरी शाळेत शिकवायला, साइटवर, ऑफिसात, गोठ्यात. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा विश्वासच बसला नाही. आमच्या मुलाच्या शाळेत एक सर होते, ते काउंटीकडून खेळायचे. रविवारी टीव्हीवर, सोमवारी आमच्या पोराची वही तपासताना!

आणि पोरगं ज्या गावात वाढलं त्या गावाच्या क्लबकडून खेळतं, ज्या काउंटीचं त्या काउंटीकडून. जास्त चांगली टीम बघून उडी मारायची पद्धत नाही.

रस्ता असा, की क्लब, मग काउंटीची मायनर म्हणजे अंडर-१७, मग अंडर-२०, मग सीनियर. मायनर आधी अंडर-१८ होतं, २०१८ पासून १७ केलं, त्यात एक हेतू हा पण होता की त्यांच्या बारावीच्या म्हणजे लीव्हिंग सर्टच्या वर्षात पोरांची ओढाताण नको. हे मेव्हण्यांना नक्की सांगा. मायनर खेळणाऱ्यांतले फारच थोडे सीनियरपर्यंत जातात, हे पण सांगा.

एनिस म्हणालात म्हणून एक नाव सांगतो, भाच्याला विचारा, त्याच्या भिंतीवर फोटो नसेल तर मी नाव बदलीन. शेन ओडॉनेल. एनिसच्याच एरे ओग क्लबचा. २०१३ ची ऑल-आयर्लंड म्हणजे अख्ख्या देशाच्या चॅम्पियनशिपची फायनल, क्लेअर विरुद्ध कॉर्क, बरोबरीत सुटली, तीन आठवड्यांनी शनिवारी संध्याकाळी रीप्ले. हा १९ वर्षांचा. पहिल्या फायनलला सुरुवातीच्या टीममध्ये नव्हता, आणि रीप्लेलाही तू सुरुवातीपासून खेळणार हे त्याला सांगितलं मॅचच्या दिवशीच, काही तास आधी. पठ्ठ्याने पहिल्या १९ मिनिटांत तीन गोल मारले. तीन! मॅच संपली तेव्हा त्याच्या नावावर ३-३, क्लेअर ५-१६, कॉर्क ३-१६, म्हणजे फरक सहाचा आणि ह्या एकट्याचे बारा.

आता आपल्याकडे असं झालं असतं तर त्या पोराने पुन्हा पुस्तक उघडलं असतं का? ह्याने कॉर्कच्याच युनिव्हर्सिटीत जेनेटिक्सची डिग्री घेतली, मग मायक्रोबायॉलॉजीत पीएचडी, मध्ये फुलब्राइट स्कॉलरशिप मिळवून हार्वर्डला काही महिने जाऊन आला. खेळणं चालूच. २०२४ ला क्लेअर पुन्हा जिंकली, एक्स्ट्रा टाइममध्ये, एका पॉइंटने (३-२९ विरुद्ध १-३४, परत कॉर्कच, काय सांगू), आणि त्या वर्षीचा हर्लर ऑफ द इयर हाच. एकोणिसाव्या वर्षी तीन गोल आणि तिशीत हे. मधली अकरा वर्षं मला जास्त आवडतात, कारण तेवढ्या काळात त्याच्याकडून रोज तीन गोलची अपेक्षा धरणारे हजारो लोक होते आणि काही सीझन अगदीच फिके गेले.

ढोलकरी

मामा, बाबांना सांगा पथक.

गंमत नाही करत. मी नऊ वर्षं ढोल वाजवतोय. गणपतीच्या दोन महिने आधीपासून रोज ऑफिस सुटलं की नदीपात्रात, पावसात, चिखलात, कमरेला दहा-बारा किलो, हाताला फोड. मिळतं काय, वडापाव आणि चहा. उलट गणवेशाचे पैसे आपणच भरतो. आईने पहिल्या वर्षी विचारलेलं "ह्याचं सर्टिफिकेट मिळतं का रे". आणि विसर्जनाला लक्ष्मी रोडवर आपलं पथक उभं राहिलं की त्या वेळी कोणी मला दुप्पट पगार देतो म्हणाला तरी मी ताशाकडेच बघणार. पेठेतला पोरगा दुसऱ्या पेठेच्या मंडळात जास्त चांगली मिरवणूक आहे म्हणून जातो का? जात नाही.

तुमचा भाचा तेच करतोय, फक्त ८२ हजार लोकांसमोर.

बाणेरचा_बाप

सगळे भावनेत वाहून चाललेत म्हणून थोडं पाणी ओततो. पथक दोन महिन्यांचं असतं. हे वर्षभर. आठवड्यातून चार-पाच दिवस ट्रेनिंग, जिम, डाएट, आणि शेवटी हातात काय तर कप. एक पीएचडीवाला सांगायचा आणि बाकीचे जे इंजिनिअरिंग सोडून बसले असतील त्यांचं कोण लिहिणार? माझा मुलगा दहावीपर्यंत बॅडमिंटनला रोज चार तास द्यायचा, राज्य पातळीपर्यंत गेला, अकरावीत सगळं बंद केलं, आज त्याला विचारलं तर म्हणतो बरं झालं. (हे लिहिताना तो बाजूच्या खोलीत आहे, त्याला विचारून लिहीत नाहीये.)

कॉर्क_रिटर्न

@बाणेरचा_बाप मुद्दा अर्धा मान्य. काउंटी लेव्हलला गेलं की नोकरी सुद्धा खेळ बघूनच निवडतात हे मी पाहिलंय, ट्रेनिंग ग्राउंडपासून गाडीने तासाभरात पाहिजे, शिफ्ट नको. म्हणून शिक्षक भरपूर. पण कॉलेज सोडून हर्लिंग असं सहसा होत नाही, कारण सोडून मिळणार काय? पैसेच नसल्यामुळे शिक्षण सोडायचा मोहच नाही, ही मला उलटी सोय वाटते. शिवाय युनिव्हर्सिट्यांची आपापसात फिट्झगिबन कप म्हणून मोठी स्पर्धा असते, तिथे खेळायला कॉलेजात असावंच लागतं.

खेळूनच कमवायचं असेल तर खेळ बदलून देशच सोडावा लागतो. सेटँटा ओ हाल्पिन, २००३ साली कॉर्ककडून यंग हर्लर ऑफ द इयर, आणि लगेच ऑस्ट्रेलियाला कार्लटन क्लबकडे, त्यांच्या फुटबॉलमध्ये, प्रोफेशनल. कॉर्कमधली म्हातारी माणसं मी असेपर्यंत त्यावर उसासे टाकत होती.

आणि मामा, बहिणीच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर ह्याच घरात आहे. ह्यांची आई फिजीची. सेटँटाचा थोरला भाऊ शॉन ओग, जन्म फिजीतल्या रोटुमा बेटावरचा. २००५ ला कॉर्क ऑल-आयर्लंड जिंकली तेव्हा कॅप्टन हा, आणि कप घेऊन भाषण केलं ते अख्खं आयरिश भाषेत, जे तिथल्या निम्म्या जन्मजात मंडळींना जमलं नसतं. वेक्सफर्डचा ली चिन, वडील मलेशियाचे, तोही काउंटीचा कॅप्टन झाला. झॅक मोरादी म्हणून आहे, कुर्दी, इराकमधल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मला, शाळकरी वयात लीट्रिमला आला, तिथे हातात काठी आली आणि २०१९ ला लीट्रिमकडून क्रोक पार्कवर लॉरी मेहर कप जिंकला. ती सगळ्यात खालच्या श्रेणीची स्पर्धा आहे हे खरं, पण मैदान तेच. सगळं गोड आहे असं मात्र नाही, ली चिनला मैदानावर रंगावरून शिव्या खाव्या लागल्यात आणि तो त्याबद्दल उघडपणे बोललाय. बहिणीला दोन्ही सांगा.

फिजिओ_ताई

लागण्याबद्दल कोणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते. मी इथे हॉकी-क्रिकेटवाली मुलं बघते, हर्लिंगचा पेशंट आयुष्यात एकही नाही, त्यामुळे जेवढं माहीत तेवढंच.

जाळीवालं हेल्मेट तिथे २०१० पासून सगळ्यांना सक्तीचं आहे, त्याआधी मोठी माणसं उघड्या डोक्याने खेळायची, बाई गं. डोळे-दात-कपाळाचा प्रश्न त्यामुळे बराच आटोक्यात. बोटं मात्र जातात, कारण उंच बॉल झेलायला हात वर आणि समोरच्याची काठी त्याच बॉलवर. आणि हेल्मेट घातलं म्हणजे कन्कशन होत नाही असं अजिबात नाही, मेंदू आतल्या आत हलतो तो हलतोच. वर ज्या शेन ओडॉनेलचं इतकं कौतुक झालं त्यालाच २०२१ मध्ये ट्रेनिंगमध्ये डोक्याला लागलं, कित्येक आठवडे साधी रोजची कामं जड गेली, पुन्हा खेळेन की नाही अशी अवस्था, त्या वर्षीची चॅम्पियनशिप गेली. परत आला तो २०२२ ला आणि ऑल स्टार झाला (म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पंधरात निवडला गेला), पण घाई न करता आला म्हणून आला.

मामा, भाच्याला एकच विचारा. डोक्याला लागलं आणि मळमळलं, उजेड नकोसा झाला, तर तू कोचला सांगशील का मॅच संपेपर्यंत गप्प बसशील? ह्या वयातली मुलं गप्प बसतात. माझ्याकडे एक आलेला, दोन दिवसांनी, आणि तेही आईने ओढत आणला म्हणून.

कर्वेनगरचा_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. शेन ओडॉनेलचा फोटो आहेच म्हणे, कॉर्क_रिटर्न, तुमचं नाव शाबूत.

ताई, तुमचा प्रश्न काल व्हिडिओ कॉलवर विचारला. तो "सांगेन ना" म्हणाला, पण आधी जी दोन सेकंदं गेली ती बहिणीनेही बघितली आणि मीही. तिने आता कोचशी स्वतः बोलायचं ठरवलंय.

बाबांना पथकाचं उदाहरण दिलं. म्हणाले पथकवाले निदान गणपतीपुढे वाजवतात, हा कोणापुढे? मग मी २०१३ ची ती क्लिप लावून दिली. तिसऱ्या गोलला बाबा नुसते "अरे" म्हणाले. नंतर माझ्या नकळत पुन्हा लावून बघत होते, आवाज बंद करून.

एक अजून शंका. भाचा म्हणतो मायनरची भीती नाही, सगळ्यांसमोर चुकलो तर काय ही भीती आहे. ह्यावर काय बोलू?

कॉर्क_रिटर्न

मामा, ह्यावर मी कॉर्कवाला असूनही टिपेररीच्या पोराची गोष्ट सांगतो, छातीवर दगड ठेवून.

डॅरा मॅकार्थी, टूमवारा क्लबचा, १९ वर्षांचा, सीनियरमध्ये पहिलंच वर्ष. एप्रिल २०२५, टिपेररी आमच्या मैदानावर कॉर्कशी खेळायला आली. रेफ्री बॉल टाकायच्या आधी, म्हणजे खेळ सुरूच झालेला नाही, ह्याने समोरच्याला काठी मारली आणि रेड कार्ड. शून्य सेकंद खेळून बाहेर. टिपेररी सत्तर मिनिटं १४ जणांनी खेळली, आम्ही १५ पॉइंटने जिंकलो. पोराची काय हालत झाली असेल विचार करा, छोट्या गावात दुधाची पिशवी आणायला जाणं मुश्किल होतं. तरी कोच लिअम काहिलने त्याला टीममध्ये ठेवलं. मे महिन्यात अंडर-२० ची टीम ऑल-आयर्लंड जिंकली त्यातही तो होता. जुलैत सीनियरची सेमीफायनल किलकेनीशी, आणि तिथे पुन्हा दोन यलो, पुन्हा बाहेर! टीम कशीबशी निभावली.

आणि दोन आठवड्यांनी फायनल, परत कॉर्क. मी इथे औंधला रात्री लॅपटॉपवर, अंगात लाल जर्सी. हाफटाइमला आम्ही सहाने पुढे, बायकोला म्हणालो वीस वर्षांनी येतोय कप. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्कने फक्त दोन पॉइंट केले. पस्तीस मिनिटांत दोन! पेनल्टी मिळाली ती ह्या मॅकार्थीने आत घातली, आम्हाला मिळाली ती त्यांच्या कीपरने अडवली. शेवट ३-२७ विरुद्ध १-१८, म्हणजे बरोबर १५ ने हरलो, एप्रिलमधला हिशोब चुकता. त्या एकट्या पोराच्या नावावर १-१३. फ्री-हिट घ्यायला उभा राहायचा तेव्हा मी कॅमेऱ्यात त्याचे हात बघत होतो, थरथरतील म्हणून. नाही थरथरले मेल्याचे.

त्याला विचारा सगळ्यांसमोर चुकणं काय असतं.

बाणेरचा_बाप

ही गोष्ट मुलाला वाचून दाखवली. तो म्हणाला बाबा, मी बॅडमिंटन "सोडलं" नव्हतं, तुम्ही क्लासची वेळ बदललीत. असो. धाग्यावर आणखी काही लिहीत नाही.

सदाशिवपेठी

हॉकी नाही हे मान्य करतो. अवांतर, हे अ‍ॅशचं झाड आपल्याकडे का लावत नाहीत? आणि आपल्या विटी-दांडूला कोणी असं सांभाळलं असतं तर, जाऊ दे.

कॉर्क_रिटर्न

@सदाशिवपेठी तिथेच संपत चाललंय हो. अ‍ॅशला बुरशीचा रोग पडलाय, झाडं शेंड्याकडून वाळत जातात, काठ्यांसाठी लाकूड बाहेरून आणतात. क्लेअरमधल्याच एका काठीवाल्यांनी आता बांबूची काठी काढलीय, काउंटीवाले पण वापरतात. बांबू म्हणजे आपला प्रांत, बुरूड आळीत दाखवा, चार दिवसांत कॉपी.

कर्वेनगरचा_मामा

ट्रायल पुढच्या शनिवारी आहे. कॉर्क_रिटर्न, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला, मराठी वाचता येत नाही पण ऐकलं सगळं. शून्य सेकंदाला इतका हसला की बहीण आतून बघायला आली. ती चिरलेली काठी आपल्या बॅटवाल्याने फेव्हिकॉल भरून, शिकंज्यात दोन दिवस ठेवून, वरून बॅटचा काळा दोरा गुंडाळून दिली होती ना, तीच घेऊन जाणार म्हणतोय. क्लबातली पोरं विचारतात हे बाइंडिंग कुठून केलं, तर सांगतो पुणे.

ढोलकरी

मामा, तो बॅटवाला नक्की कुठे बसतो? टिपरू चिरलंय.

कर्वेनगरचा_मामा

@ढोलकरी व्यनि केलाय. दुपारी एक ते चार जाऊ नका.